मोसम

आपण आंब्याचा मोसम म्हणतो, मोसमी वाऱ्यांची वाट पाहतो. परंतु फारसीच्या द्वारे मराठीत स्थिरावलेल्या या शब्दाचे मूळ अरबी ‘मौसिम’ असून, ‘खूण करणे’ या अर्थाच्या धातूपासून सिद्ध झालेला तो शब्द यात्रेच्या नियत काळाला आणि खुद्द यात्रेलाही लावतात. पॅलेस्टाईनमध्ये जेरिकोनजीकच्या उजाड टेकड्यांत, जेथे मुसलमानी परंपरेप्रमाणे मूसा पैगंबरांची कबर आहे आणि जेथे मामलूक सुलतान बायबर्स याने १२६९ मध्ये इमारत उठविली, त्या ‘नबी मूसा’च्या वार्षिक उत्सवाचे नाव मौसिमच आहे. विशेष हे, की हा उत्सव चांद्र हिजरी पंचांगाबरोबर न फिरता पूर्वेकडील ख्रिस्ती संप्रदायाच्या ईस्टरशी निगडित, म्हणून सदैव वसंतातच येणारा. ऋतू आणि यात्रा हे दोन्ही अर्थ एकत्र नांदविणारे याहून समर्पक उदाहरण मला ठाऊक नाही.