लिनक्स ग्राफिक्स : हार्डवेअरची आपोआप ओळख आणि सॉफ्टवेअरची अवलंबने

संगणकात कोणते ग्राफिक्स कार्ड आहे, त्याला कोणता मॉनिटर जोडला आहे, हे लिनक्सने स्वतः ओळखावे आणि त्यांना लागणारे सॉफ्टवेअर बिनचूक जुळवावे, यासाठीची ही व्यवस्था. ती चोख चालते तेव्हा तिची जाणीवही होत नाही.

१९९०च्या दशकात असे नव्हते. पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या ‘एक्सफ्री८६’ या प्रणालीसाठी कार्डाची चिप, माउसचा प्रकार, मॉनिटरच्या आडव्या-उभ्या वारंवारतांच्या मर्यादा हे सारे एका फाइलीत लिहावे लागे. मॉनिटरची पुस्तिका हरवली की अंदाजच करायचा. आणि चुकीच्या वारंवारतेने काही जुने काचनळीचे मॉनिटर कायमचे बिघडू शकत. सुटका केली ती मॉनिटरनेच. ‘व्हेसा’ संस्थेच्या १९९४ मधील ‘ईडीआयडी’ मानकामुळे तो आपला निर्माता, मॉडेल आणि चालणारी रिझोल्यूशन्स अवघ्या १२८ बाइटांत केबलमधूनच कळवू लागला. कार्डाची ओळख पीसीआय जोडणीतून मिळणाऱ्या निर्माता व उपकरण क्रमांकांवरून पटते. इंटेलचा क्रमांक ८०८६. त्याच कंपनीच्या १९७८ मधील गाजलेल्या प्रोसेसरचाही हाच आकडा.

लिनक्सच्या गाभ्याचे, म्हणजे कर्नलचे, प्रत्येक ड्रायव्हर-मॉड्यूल आपण कोणते क्रमांक सांभाळतो हे जाहीर करते. उपकरण दिसताच कर्नल ‘यूडेव्ह’ या उपकरण-व्यवस्थापकाला वर्दी देतो आणि जुळणारे मॉड्यूल, ते ज्यांच्यावर अवलंबून आहे त्या मॉड्यूलांसह, मेमरीत चढते. मार्च २००९ च्या २.६.२९ या कर्नलपासून, आरंभी इंटेलच्या चिपांसाठी, रिझोल्यूशन ठरवण्याचे कामही ‘एक्सफ्री८६’सारख्या एक्स सर्व्हरकडून कर्नलकडे आले. हा बदल या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाचा म्हणावा लागेल, कारण त्यानंतर हार्डवेअरचा ताबा एकाच ठिकाणी राहिला.

मात्र कार्ड ओळखले म्हणजे चित्र उमटले असे नाही. एएमडीच्या आधुनिक कार्डाला कर्नलमधील ‘एएमडीजीपीयू’ मॉड्यूल लागते, त्या मॉड्यूलला फर्मवेअरच्या, म्हणजे कार्डावरच चालणाऱ्या प्रोग्रामच्या, फाइली, आणि त्रिमितीय चित्रांसाठी ‘मेसा’ ही ब्रायन पॉल यांनी १९९३ मध्ये सुरू केलेली सॉफ्टवेअर लायब्ररी. ‘एपीटी’सारखा पॅकेज व्यवस्थापक पॅकेजांची नावे व आवृत्त्या काटेकोर जुळवतो, स्लॉटमध्ये कोणते कार्ड आहे याच्याशी त्या हिशेबाचा संबंध नसतो. फर्मवेअर राहून गेले तर नेमके इथेच अडते. ‘डेबियन’ या लिनक्स वितरणाने मुक्त नसलेले फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरबाहेर ठेवले होते. ऑक्टोबर २०२२ मधील मतदानानंतर धोरण बदलले आणि जून २०२३ च्या डेबियन १२ च्या इन्स्टॉलरमध्ये ते फर्मवेअर आले. तत्त्वाला मुरड घालणारा, तरी योग्य निर्णय: ज्याचा पडदाच काळा आहे, त्याने फाइल उतरवायची कशी?

एनव्हिडिया कंपनीची अडचण वेगळी आहे. तिचे स्वतःचे मॉड्यूल मूळ कर्नलबाहेर वाढते आणि कर्नलची अंतर्गत रचना तर सतत बदलते. म्हणून ‘डीकेएमएस’ हे साधन प्रत्येक नव्या कर्नलसाठी ते पुन्हा कंपाइल करते. त्या कर्नलच्या हेडर फाइली नसतील तर ते घडतच नाही. मे २०२२ मध्ये कंपनीने कर्नल-मॉड्यूलचा स्रोत खुला केला, पण ओपनजीएल आणि व्हल्कन या ग्राफिक्स-इंटरफेसांचे ड्रायव्हर बंदिस्तच ठेवले.