टेस्ट लॅम्प ते स्कॅनर : कसमादेतील ऑटो इलेक्ट्रिशियनचा व्यवसाय

गाडीच्या विजेतला बिघाड शोधण्याचा व्यवसाय कसमादे पट्ट्यात, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळा भागात, रस्त्यांबरोबर वाढला. सटाणा, कळवण आणि मालेगावचे, तसेच भावडबारी घाटातून नाशिककडे जाणारे रस्ते देवळ्याला जोडलेले आहेत. उमराण्याच्या बाजारात कांदा नेणारे ट्रॅक्टर आणि पिकअप, विठेवाडीच्या वसाका साखर कारखान्याकडे ऊस नेणाऱ्या गाड्या यांना रात्रीचे दिवे चालू असणे जिवाइतके महत्त्वाचे. देवळा १९९९ मध्ये स्वतंत्र तालुका झाला आणि ये-जा आणखी वाढली.

पहिला काळ डायनमोचा. महिंद्राने १९४७ मध्ये भारतात जीपची जुळणी सुरू केली. त्या पिढीच्या गाड्यांत इंजिन मंद झाले की डायनमो पुरेशी वीज देत नसे आणि दिवे मंदावत. डायनमो बॅटरीला जोडणाऱ्या कटआउटच्या पॉइंटवर कार्बन बसला की चार्जिंग बंद पडे. कारागिराचे मुख्य हत्यार टेस्ट लॅम्प : बॅटरीच्या व्होल्टेजचा बल्ब आणि दोन वायरी. एक वायर बॉडीला अर्थ करायची, दुसरीने बॅटरीपासून पुढे एकेक जोड तपासायचा. बल्ब पेटलेला शेवटचा जोड आणि न पेटलेला पहिला जोड यांच्या मधेच बिघाड असतो, हा या व्यवसायाचा मूळ नियम.

डायनमोच्या जागी अल्टरनेटर आल्यावर दुसरा काळ सुरू झाला. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० नंतर अशा गाड्या सर्वत्र दिसू लागल्या. फ्यूजबॉक्स आणि रिले वाढले. रिलेवरचे ३०, ८५, ८६, ८७ हे आकडे जर्मन मानकातले. ३० ला बॅटरीचा थेट सप्लाय, ८५ आणि ८६ कॉइलचे, ८७ मधून सप्लाय पुढे. ते पाठ असलेल्याला अनोळखी गाडीचे वायरिंगही उलगडते. मल्टिमीटर याच काळात दुकानात रुजला.

तिसरा काळ स्कॅनरचा. बॉशने १९८६ मध्ये जाहीर केलेल्या कॅन पद्धतीमुळे गाडीतले कंट्रोल युनिट एकाच तारजोडीवरून बोलू लागले. त्यानंतर महिंद्राच्या नाशिकच्या कारखान्यातून बोलेरो २००० मध्ये, तर स्कॉर्पिओ २००२ मध्ये बाहेर पडली. पुढे एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे प्रदूषणाचे निकष लागू झाले. तोवर कंट्रोल युनिटमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर गॅरेजची गरज बनला होता.

साइड मिररची हीटर काच या तिसऱ्या काळातली. थंडीच्या धुक्यात आणि दवात काच स्वच्छ राहावी म्हणून तिच्यामागे तापणारी पट्टी चिकटवलेली असते. बहुधा ती मागच्या काचेच्या हीटरच्या बटणावरच चालते. दोन्ही आरसे तापत नसतील तर आधी फ्यूज आणि रिले, एकच तापत नसेल तर त्या बाजूचे वायरिंग पाहतात. दाराच्या बिजागरीजवळच्या रबरी नळीत वायर वारंवार वाकून तुटते. काचेमागच्या दोन पिना काढून ओहम मोजल्यावर मीटर अनंत दाखवत असेल तर पट्टी तुटलेली. फुटलेल्या काचेजागी साधी काच बसवली असेल, तर वायरी नुसत्याच लोंबत राहतात.

इथे जुन्या हत्याराची किंमत कळते. वायरीचा जोड गंजून रोध वाढला असला तरी मल्टिमीटर १२ व्होल्ट दाखवतो. करंट खेचणारा टेस्ट लॅम्प मात्र मंद पेटून दोष उघड करतो. सेन्सर आणि कंट्रोल युनिटच्या वायरींवर तो वापरत नाहीत, कारण जादा करंटने ते निकामी होऊ शकतात. साध्या रिलेवर चालणाऱ्या आरशाचा बिघाड स्कॅनरवर कोड म्हणून उमटतही नाही. म्हणून कसबी ऑटो इलेक्ट्रिशियनला तिन्ही काळांची हत्यारे लागतात, आणि कोणते कुठे वापरायचे याची जाण त्याहून अधिक लागते.