नॉर्डर्नाय की बोर्कुम?

उन्हाळा आला की जर्मनीतल्या आपल्या मराठी ग्रुपवर एकच चर्चा असते: समुद्रावर जायचं, पण कुठे? तिकीट केवढ्याला पडेल, पाणी किती गार असेल! शंभर वर्षांपूर्वी इथल्या ज्यू कुटुंबांना त्याआधी आणखी एक प्रश्न पडायचा: तिथे आपल्याला राहू देतील का?

समुद्रस्नानासाठी वसवलेलं जर्मनीतलं पहिलं ठिकाण म्हणजे बाल्टिककाठचं हायलिगेनडाम, १७९३ सालचं. पाठोपाठ १७९७ मध्ये उत्तर समुद्रातलं नॉर्डर्नाय बेट आलं. ज्यू पाहुणे तिथे आवडीने जायचे; १८७८ मध्ये तिथे सिनेगॉगही झालं. जवळच्याच बोर्कुम बेटावर मात्र बँड एक ठरलेली धून वाजवायचा आणि सुट्टीवर आलेले लोक त्यावर ज्यूविरोधी गाणं गायचे. १९२४ मध्ये प्रशासनाने हे थांबवायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही.

ज्यू नागरिकांची ‘सेंट्रालफेराइन’ ही संघटना दरवर्षी टाळायच्या गावांची आणि हॉटेलांची यादी छापायची. सुट्टी ठरवायची तर आधी ती यादी बघायची.

लक्षात घ्या, हे सगळं हिटलरच्या आधीचं. तेव्हा असा कुठलाही कायदा नव्हता. हॉटेलवाले आणि पाहुणे आपणहून हे करत होते. १९३३ नंतर नॉर्डर्नायचंही दार बंद झालं.