आजोळ कराचीचं

नातीला कोलंबोत नोकरी लागली. तिच्या कागदपत्रांसाठी कपाट उपसताना माझ्या आईचा शाळेचा दाखला हाती आला. जन्मस्थळ : कराची. सन १९३०.

"आजी, पणजी पाकिस्तानात जन्मली?"

अगं, तेव्हा पाकिस्तान हा शब्दसुद्धा नव्हता! तो निघाला १९३३ साली. इंग्रजांनी १८४३ साली सिंध जिंकला, १८४७ साली मुंबई इलाख्याला जोडला आणि १ एप्रिल १९३६ ला वेगळा प्रांत केला. म्हणजे जवळजवळ ८९ वर्षं कराचीचा कारभार मुंबईकडे. बदली धारवाडला झाली काय नि कराचीला झाली काय, वरिष्ठ कचेरी मुंबईचीच. १८८७ साली निघालेलं तिथलं डी. जे. सिंध कॉलेजही मुंबई विद्यापीठाचंच. त्यामुळे पुण्या-कोकणातली माणसं बोटीत बसून कराचीला नोकरीला जात, तशी माझ्या आईचे वडील गेले. परदेशी जातोय असं त्यांच्या मनातही नसणार. ते देश सोडून गेले नाहीत. देशाची हद्दच मागाहून त्यांच्या दारावरून गेली.

त्यांच्याही आधी गेलेला एक माणूस मला फार जवळचा वाटतो, कदाचित मी मास्तरीण म्हणून असेल. नारायण जगन्नाथ वैद्य. सिंधमध्ये शिक्षणखात्याचे डेप्युटी इन्स्पेक्टर. सिंधी व्यापाऱ्यांची एक जुनी लिपी होती, काना-मात्रा नसलेली. लिहिणाऱ्यालाच वाचता येईल अशी! ती शाळेत चालेल अशी करायचं काम १८६८ साली त्यांच्याकडे आलं. दुसऱ्याच्या भाषेची अक्षरं नीट करून द्यायची, म्हणजे ती भाषा किती कान देऊन ऐकावी लागली असेल. पुढे ती लिपी मागे पडली. १८५३ पासूनची अरबी वळणाची ५२ अक्षरांचीच टिकली. पण १८५५ साली निघालेल्या, सिंधमधली पहिली सरकारी शाळा म्हणवणाऱ्या शाळेला त्यांचं नाव मिळालं. एन. जे. व्ही. हायस्कूल. बंदर रोडचा एम. ए. जिना रोड झाला, शाळेचं नाव मात्र आजही तेच आहे.

आमचे आजोबा तिथे बावीस वर्षं कारकून होते. घरी कोकम रत्नागिरीचं, गणपती मराठी मंडळींचा, नाटकं मराठी. सिंधी येई ती बाजारापुरती. आई मात्र शेजारच्या अमांच्या स्वयंपाकघरात वाढली. साई भाजी तिथेच शिकली, भाषाही. ग, ज, ड, ब ही अक्षरं सिंधीत श्वास आत ओढूनही म्हणतात, ती आम्हाला म्हणून दाखवायची. आम्हा भावंडांना एकदाही जमली नाहीत.

जानेवारी १९४८ च्या दंगलीनंतर सगळे बोटीनं मुंबईला आणि तिथून पुण्याला आले. आजोबा सदाशिव पेठेतल्या खोलीत बसून म्हणायचे, "आयुष्य परक्या मुलखात गेलं." एकदा आई फटकन बोलली, "बाबा, परका तुम्ही ठेवलात म्हणून परका." आजोबा जेवणावरून उठून गेले. असं बोलल्याचं आईला पुढे फार लागलं, पण शब्द तिनं मागे घेतला नाही.

मी नऊ-दहा वर्षांची असेन. आई मला घेऊन पिंपरीला कापड घ्यायला गेली. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासितांची छावणी होती, तिचीच पुढे बाजारपेठ झाली. भाव करता करता आई सिंधीत शिरली. दुकानदारानं हातातला गज खाली ठेवला. आधी मोहल्ला विचारला, मग गल्ली. चहा आला. दोघं किती वेळ बोलत होती कोण जाणे. मला काही कळत नव्हतं, फक्त दोघांचे डोळे दिसत होते. कापड घ्यायचं राहूनच गेलं!

नात म्हणाली, "कोलंबोत ऑफिसात सगळे इंग्रजीच बोलतात गं."

म्हटलं, ऑफिसात बोलत असतील. शेजारची अमा कुठे इंग्रजी बोलणार?

काल तिचा फोन आला. सिंहली अक्षरं गिरवतेय म्हणे, जिलबीसारखी दिसतात. मास्तरणीला आणखी काय हवं? असो.