मोहल्ला समिती (भिवंडी)

मोहल्ला समिती : मिश्र वस्तीतील रहिवासी आणि तिथल्या बीटवरचे पोलीस यांची कायमस्वरूपी समिती. भिवंडी (जि. ठाणे) या यंत्रमागांच्या शहरात पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी 1988 नंतर ती उभी केली. शांतता समित्या आधीही होत्या. पण त्यांत पुढारी बसत आणि तणाव वाढल्यावरच त्यांच्या बैठका होत. 1961 च्या जबलपूर दंगलीनंतर राष्ट्रीय एकात्मता परिषद आली, तीही दिल्लीच्या पातळीवर. चौकीतल्या शिपायाच्या कामात तिने काही बदलले नाही.

भिवंडीचे महत्त्व नेमके या शिपायामुळे आहे. मे 1970 च्या दंगलीनंतर न्या. मादन आयोगाने पोलिसांच्या पक्षपातावर कठोर ताशेरे ओढले, तरी 1984 मध्ये शहर पुन्हा पेटले. खोपडे यांनी सुमारे 70 समित्या केल्या, त्यांत हिंदू व मुस्लिम सभासद सारख्या संख्येने घेतले आणि किरकोळ तंटे तिथेच मिटवण्याची जबाबदारी कनिष्ठ पोलिसांवर सोपवली. डिसेंबर 1992-जानेवारी 1993 मध्ये मुंबईतल्या दंगलींत सुमारे 900 माणसे मेली. भिवंडी शांत राहिली. खोपडे यांची तोवर बदली झाली होती. म्हणजे श्रेय एका अधिकाऱ्याच्या वजनाचे नव्हे, रुजलेल्या पद्धतीचे. इथली बरीच माहिती खोपडे यांच्याच लेखनातून येते, हे ध्यानात ठेवावे. मात्र आशुतोष वार्ष्णेय यांच्यासारख्या अभ्यासकानेही या प्रयोगाची दखल घेतली आहे.

खरा उपाय अल्पसंख्याकांची भरती हाच, असा आक्षेप घेतला जातो. तो वजनदार आहे. सच्चर समितीला (2006) पोलीस शिपायांत मुस्लिमांचे प्रमाण 6 टक्के आढळले; 2001 च्या लोकसंख्येत ते 13.4 टक्के होते. महाराष्ट्रात अल्पसंख्याक उमेदवारांसाठी भरतीपूर्व प्रशिक्षण योजना आहे, ती हवीच. पण ‘त्यांच्यातला माणूस’ म्हणून केवळ बंदोबस्तापुढे उभा केलेला शिपाई ठाण्यातही परका ठरतो आणि मोहल्ल्यातही. त्याला बीट, अधिकार आणि वरिष्ठांचे पाठबळ मिळाले, तरच त्याच्या वर्दीवर वस्तीचा विश्वास बसतो. भरती आणि समिती ही एकाच कामाची दोन अंगे आहेत.

दुसरा आक्षेप जुलै 2006 चा. पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून भिवंडीत गोळीबार झाला, दोन नागरिक ठार झाले आणि त्यानंतर जमावाने दोन पोलिसांना मारले. समित्या तोवर नावापुरत्या उरल्या होत्या, असे त्यांचे समर्थक म्हणतात. ते मान्य केले तरी एक दोष उरतोच : ही पद्धत पोलीस नियमावलीत बांधली गेली नाही, म्हणून ती पुढच्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहिली.

मुंबई : 1994 मध्ये पोलीस आयुक्त सतीश साहनी, ज्युलिओ रिबेरो व सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने अशाच समित्या सुरू झाल्या.