ख्रिस्तपुराण कोणी जपले?

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा विषय निघाला की फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’चे नाव प्रथम घेतले जाते. मूळच्या इंग्लंडमधील आणि १५७९ साली गोव्यास आलेल्या या येशूसंघीय धर्मगुरूने सुमारे अकरा हजार ओव्यांत बायबलमधील तारणकथा मराठीत सांगितली. हा ग्रंथ १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापला गेला. पुढे १६४९ व १६५४ साली त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांपैकी एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. मग हा ग्रंथ आपल्यापर्यंत पोहोचला कसा?

काळ प्रतिकूल होता. गोव्यातील पोर्तुगीज सत्तेने १६८४ साली स्थानिक भाषेविरुद्ध हुकूम काढला. १७५९ साली तर येशूसंघीयांचीच पोर्तुगीज मुलखातून हकालपट्टी झाली. पुराण तगले ते हस्तलिखितांच्या आधारे. गोव्यातील आणि मंगळूरकडील ख्रिस्ती भाविकांनी ते हाताने उतरवून घेतले आणि भक्तिभावाने वाचले. अशीच हस्तलिखिते ताडून पाहून जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे त्याची रोमन लिपीतील नवी आवृत्ती प्रसिद्ध केली. त्या अनाम लेखनिकांचे ऋण मोठे आहे.

परंतु घरात जपलेल्या पोथीला एक मर्यादा असते. ती आहे हे घरच्यांनाच ठाऊक असते. दूरदेशीच्या अभ्यासकाला तिचा पत्ता लागत नाही आणि एका पोथीचे दुसरीशी बोलणे होत नाही. हे बोलणे घडवून आणणे, हेच ग्रंथालयाचे खरे कार्य होय.

याचे उदाहरण ख्रिस्तपुराणाच्याच इतिहासात आहे. विल्यम मार्सडेन या इंग्रज प्राच्यविद्या पंडिताने आपल्या संग्रहाची सूची १८२७ साली छापली आणि १८३५ साली तो संग्रह लंडनच्या किंग्ज कॉलेजला दिला. पुढे तो १९१६ साली स्थापन झालेल्या स्कूल ऑफ ओरिएंटल स्टडीज या संस्थेकडे आला. त्यात ख्रिस्तपुराणाचे देवनागरी हस्तलिखित होते. मराठी संतकवींचे इंग्रजी अनुवाद करणारे प्रॉटेस्टंट मिशनरी जस्टिन अ‍ॅबट यांनी त्याचे महत्त्व ओळखले आणि १९२३ साली त्या संस्थेच्याच नियतकालिकात त्यावर लेख लिहिला. एका येशूसंघीयाच्या ग्रंथाकडे विद्वानांचे लक्ष वेधले ते एका प्रॉटेस्टंट अभ्यासकाने!

येथून वादाला तोंड फुटले. साल्ढाणांच्या संहितेत पोर्तुगीज व लॅटिन वळणाचे अनेक धर्मविषयक शब्द आहेत. लंडनच्या प्रतीत त्यांच्या जागी संस्कृत वळणाचे शब्द आढळतात. अ‍ॅबट यांनी देवनागरी प्रत मूळ मानली; पुढील सर्वच अभ्यासकांना ते पटले नाही. मूळ कोणते आणि फेरबदल कोणी केले, हे दोन्ही पाठ समोर ठेवल्याखेरीज ठरणार कसे? पुढे १९५६ साली पुण्याहून शांताराम बंडेलू यांची आणि १९९६ साली मुंबईहून कॅरिडाड ड्रॅगो यांची देवनागरी आवृत्ती निघाली. २००९ साली फादर नेल्सन फलकाव यांनी आधुनिक मराठी रूपांतरासह ग्रंथ सिद्ध केला. यांतील प्रत्येक जण आधीच्याच्या खांद्यावर उभा आहे. ज्यांची कधी भेट झाली नाही, अशा अभ्यासकांचा हा तीन शतकांपलीकडचा संवाद आहे.

आपल्या जुन्या घरांतील पेट्यांतून आजही हाताने लिहिलेली गीते, प्रार्थना, नाटुकली आणि जीर्ण पुस्तके असतील. त्यांना वाळवीपासून वाचवणे हे पहिले काम. पण तेवढ्याने भागत नाही. ती एखाद्या ग्रंथालयाच्या स्वाधीन करावीत. ज्यांना ती हातावेगळी करणे जड जाते, त्यांनी निदान त्यांची नोंद व छायाप्रत तेथे ठेवू द्यावी. ख्रिस्तपुराणाच्या छापील प्रती नाहीशा झाल्या. हस्तलिखिते उरली आणि सापडलीही, म्हणून आज आपण ते वाचू शकतो. जे आपल्या पेट्यांत आहे त्याची कोठेच नोंद झाली नाही, तर ते नष्ट झाल्याचेही कोणास कळणार नाही.