रक्तातला आकडा आणि रोग्याचे आयुष्य

परीक्षेत मुलाचे गुण वाढले म्हणजे त्याला विषय अधिक समजू लागला, असे छातीठोकपणे सांगता येईल का? बहुतेक शिक्षक यावर ‘सहसा हो, पण नेहमी नाही’ असेच उत्तर देतील. गुण हे समज मोजण्याचे साधन आहे. गुण म्हणजे समज नव्हे. वैद्यकातल्या संशोधकांनाही हाच प्रश्न वेगळ्या रूपात पडतो. औषध दिल्यावर तपासणीतला आकडा सुधारला, तर रोगी सुधारला असे मानावे का? विसाव्या शतकात या प्रश्नाचे उत्तर दोनदा फार महागात मिळाले. एकदा प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगावर उपचार करणाऱ्यांना आणि एकदा हृदयाच्या ठोक्यांतील बिघाडावर उपचार करणाऱ्यांना. पहिल्या कथेची सुरुवात मात्र एका खऱ्याखुऱ्या यशाने होते.

चार्ल्स हगिन्स यांचा जन्म १९०१ साली कॅनडातील हॅलिफॅक्स येथे झाला. हार्वर्डमधून वैद्यकाची पदवी घेतल्यावर १९२७ मध्ये, वयाच्या पंचविशीत, ते शिकागो विद्यापीठाच्या नव्या वैद्यक विभागात दाखल झाले. शिक्षण सर्वसाधारण शल्यचिकित्सेचे, पण वाट्याला आला मूत्ररोगांचा विभाग. या विषयाचे खास प्रशिक्षण नसल्याने त्यांनी तो पुस्तकांतून आणि कामातूनच शिकून घेतला.

प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाच्या तोंडाशी असणारी लहानशी ग्रंथी. वीर्याचा काही भाग तिच्यात तयार होतो. हगिन्स यांना मुळात कर्करोगात नव्हे, तर या स्रावाच्या रसायनशास्त्रात रस होता. कुत्र्यांवर शस्त्रक्रिया करून प्रोस्टेटचा स्राव वेगळा गोळा करायचा आणि तो रोज मोजायचा, अशी पद्धत त्यांनी १९३०च्या दशकात बसवली. वृषण काढून टाकले की स्राव आटतो आणि टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक टोचले की तो पुन्हा सुरू होतो, हे त्यांना मोजून दाखवता आले.

या कामात एक अडचण वारंवार येई. म्हाताऱ्या कुत्र्यांपैकी काहींच्या प्रोस्टेटमध्ये आधीच गाठी असत, त्यामुळे मोजमाप बिघडे. सुरुवातीला ही कटकट वाटली. पण माणसाप्रमाणे प्रोस्टेटच्या गाठी आपोआप होणारा कुत्रा हाच एक पाळीव प्राणी आहे, हे लक्षात आल्यावर अशी कुत्री मुद्दाम शोधली जाऊ लागली. वृषण काढल्यावर किंवा इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक दिल्यावर या गाठी आक्रसतात, असे दिसून आले.

माणसात हे तपासायचे तर शरीराच्या आत काय चालले आहे ते बाहेरून कळायला हवे होते. ती सोय १९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या अलेक्झांडर व एथेल गटमन यांनी करून ठेवली होती. प्रोस्टेटच्या पेशी ॲसिड फॉस्फटेज नावाचे विकर भरपूर तयार करतात. निरोगी पुरुषात ते वीर्यावाटे बाहेर जाते, रक्तात फारसे उतरत नाही. कर्करोग हाडांपर्यंत पसरला की मात्र रक्तातले त्याचे प्रमाण वाढते. हगिन्स आणि त्यांचे तरुण सहकारी क्लॅरेन्स हॉजेस यांनी हा आकडा हाताशी धरला. १९४१ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात कर्करोग पसरलेल्या आठ रुग्णांची मोजमापे होती. वृषण काढल्यावर किंवा इस्ट्रोजेन दिल्यावर आकडा उतरत होता. पुरुषी संप्रेरक टोचल्यावर तो चढत होता. प्रयोग दोन्ही बाजूंनी करून पाहिल्यामुळे कार्यकारणाचा धागा पक्का झाला. अर्थात, रोग वाढवू शकणारे इंजेक्शन रुग्णाला देण्याची परवानगी आज सहजासहजी मिळणार नाही, हेही नोंदवले पाहिजे.

हगिन्स यांचा विश्वास नुसत्या आकड्यावर नव्हता. हाडांच्या वेदनांनी अंथरुणाला खिळलेल्या अनेक रुग्णांच्या वेदना शस्त्रक्रियेनंतर थोड्याच दिवसांत कमी झाल्या आणि त्यांना भूक लागू लागली. आकडा आणि माणूस दोघेही एकाच दिशेने चालले होते. कर्करोगाची पेशी शरीराच्या कोणत्याच नियंत्रणाला जुमानत नाही, ही त्या काळची समजूत या कामाने मोडून काढली. बहुतेकांमध्ये रोग काही काळाने परत येई. तरीही औषधांच्या साहाय्याने पसरलेल्या कर्करोगाला मागे हटवता येते, हे प्रथमच स्पष्ट झाले. १९६६ मध्ये हगिन्स यांना पेटन राउस यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. १९९७ साली वयाच्या ९५व्या वर्षी ते वारले.

आता कथेचा दुसरा भाग. लंडनच्या चार्ल्स डॉड्स यांनी १९३८ मध्ये स्टिल्बेस्ट्रॉल हे कृत्रिम इस्ट्रोजेन बनवले होते. ते स्वस्त होते आणि तोंडाने घेता येत होते. शस्त्रक्रिया नको असणाऱ्या रुग्णांना रोज ५ मिलिग्रॅमची मात्रा देण्याचा प्रघात पडला. फॉस्फटेज उतरत होते, गाठी लहान होत होत्या. मग शंका कशाला घ्यायची?

अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी १९६० मध्ये ती घेतली. रुग्णांचे गट चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निव्वळ योगायोगाने पाडले गेले. काहींना स्टिल्बेस्ट्रॉल मिळाले, काहींवर शस्त्रक्रिया झाली, काहींना दोन्ही, तर काहींना औषध नसलेली निरुपद्रवी गोळी. १९६७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. स्टिल्बेस्ट्रॉल घेणाऱ्यांत कर्करोगाने होणारे मृत्यू खरोखरच घटले होते. पण हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने होणारे मृत्यू वाढले होते आणि एकूण आयुष्यात पडलेली भर जवळपास शून्य होती. तोंडावाटे घेतलेल्या इस्ट्रोजेनमुळे रक्त गोठवणारी द्रव्ये यकृतात अधिक तयार होतात व गुठळ्यांचा धोका वाढतो. फॉस्फटेज मोजणाऱ्याला ते कसे दिसणार? पुढच्या चाचणीत रोज १ मिलिग्रॅमची मात्रा कर्करोगाला तितकीच भारी पडते आणि हृदयाला कमी त्रास देते, असे आढळले.

हृदयरोगतज्ज्ञांची कथा याहून दाहक आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांच्या ईसीजीत पुष्कळदा अवेळी पडणारे जादा ठोके दिसतात. हे ठोके हृदयाच्या खालच्या कप्प्यांत, म्हणजे जवनिकांत, उगम पावतात. ज्यांच्यात ते जास्त, त्यांच्यात अचानक मृत्यूही जास्त, हे माहीत होते. मग औषधाने जादा ठोके बंद केले तर मृत्यू टळतील, हा तर्क सरळ वाटला. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधे ठोके उत्तम रीतीने दाबत. ती इतकी उपयुक्त मानली जात की निम्म्या रुग्णांना निरुपद्रवी गोळी देणे हाच अन्याय, असे काही डॉक्टरांना वाटत होते.

तरीही १९८७ मध्ये अमेरिकेत ‘कास्ट’ या नावाने ओळखली जाणारी चाचणी सुरू झाली. ज्यांचे जादा ठोके औषधाने दबतात असे आधी तपासून घेतले होते, तेच रुग्ण तिच्यात होते. एप्रिल १९८९ मध्ये या दोन औषधांची चाचणी मध्येच थांबवावी लागली. सरासरी दहा महिन्यांत औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ दगावले होते, निरुपद्रवी गोळी घेणाऱ्या ७४३ जणांपैकी २६. ईसीजी सुधारत होता आणि माणसे मरत होती. ही औषधे हृदयाच्या स्नायूतून जाणाऱ्या विद्युत् संदेशाचा वेग कमी करतात. झटक्याने व्रण पडलेल्या हृदयात मंदावलेला संदेश व्रणाभोवती गोल फिरत राहू शकतो आणि त्यातून जीवघेणी लय सुरू होते. जादा ठोके ही धोक्याची खूण होती. ती पुसल्याने धोका पुसला गेला नाही.

या दोन कथा आता एकाच रुग्णाच्या खाटेपाशी येऊन भेटतात. स्टिल्बेस्ट्रॉलची जागा पुढे मेंदूतल्या पीयूषिका ग्रंथीवर काम करून टेस्टोस्टेरॉन खाली आणणाऱ्या इंजेक्शनांनी घेतली. पण टेस्टोस्टेरॉनचा हृदयाच्या विद्युत् कार्याशीही संबंध आहे. प्रत्येक ठोक्यानंतर जवनिकांना पूर्वस्थितीला यायला काही वेळ लागतो. तो ईसीजीतील क्यू-टी अंतरावरून कळतो. लहान मुलामुलींमध्ये हे अंतर सारखेच असते, वयात आल्यावर मुलग्यांमध्ये ते कमी होते. टेस्टोस्टेरॉन उतरवले की ते पुन्हा लांबते आणि फार लांबले तर हृदयाची लय बिघडण्याचा धोका संभवतो. म्हणून प्रोस्टेटच्या कर्करोगावर हे उपचार देताना, विशेषतः हृदयविकार असलेल्या रुग्णांत, ईसीजीकडे लक्ष ठेवावे लागते. हगिन्स यांनी काढलेली वाट आजही वापरात आहे. तिच्यावरचे खड्डे मात्र आपल्याला आता ठाऊक आहेत.

दहावी-बारावीच्या मुलांना कास्ट चाचणीचे आकडे फळ्यावर लिहून द्यावेत आणि दोन्ही गटांतील मृत्यूंचे शेकडा प्रमाण काढायला सांगावे. उत्तर ८.३ आणि ३.५ असे येईल. मग विचारावे: निरुपद्रवी गोळी घेणारा गट नसता, तर ६३ मृत्यूंचा अर्थ डॉक्टरांनी काय लावला असता? ‘हृदयरोगी होते, गेले बिचारे’ असाच. तुलनेला दुसरा गट कशासाठी लागतो, हे मुलांना त्यानंतर वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. प्रयोगशाळेत आम्ही रोज आकडेच मोजत असतो आणि त्यांच्यावाचून आमचे पानही हलत नाही. पण ज्याच्यासाठी मोजतो आहोत, त्याचे काय झाले, हे शेवटी जाऊन पाहावेच लागते.